हायवेसाठी स्वस्तातली सेकंडहँड गाडी घेताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये बहुतेक सेकंडहँड गाड्या कॉलेज रोड नाहीतर गंगापूर रोडवर एक फेरी मारून पसंत केल्या जातात. तिसऱ्या गिअरच्या वर जायला जागा मिळत नाही, एसी गार लागतो, सीट कव्हर नवीन असतात आणि सौदा पक्का होतो. मग पुण्याला निघालं की सिन्नरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागतं आणि मागे बसलेले आई-वडील प्रत्येक खड्ड्याला कण्हू लागतात. गावात चाळीसच्या वेगाने गाडीचं काहीच कळत नाही. हायवेचा आराम आणि चालवण्याची मजा हवी असेल, तर गाडी ऐंशी ते शंभरच्या दरम्यान तपासली पाहिजे. शिवाय हा आराम इंजिनाच्या ताकदीपेक्षा टायर, सस्पेन्शन आणि कूलिंगच्या तब्येतीवर जास्त अवलंबून असतो. दमलेल्या ११० पीएसपेक्षा (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद, साधारण हॉर्सपॉवरच) धडधाकट ९० पीएस केव्हाही बरे.

नाव बघायचं, इंजिन नाही

‘पोलो घ्यायची’ असं ठरवून निघालेले बरेच जण १.२ एमपीआय किंवा १.० एमपीआय (टर्बो नसलेलं पेट्रोल) घेऊन येतात. दोन्ही तीन सिलिंडरची, ७५ पीएसच्या आसपासची इंजिनं. बांधणी तीच दणकट, पण घाटात ओव्हरटेक करताना जीव नाही. पोलोची जी मजा लोक सांगतात ती टीएसआय (टर्बो पेट्रोल) किंवा १.५ टीडीआय (टर्बो डिझेल) इंजिनाची. डस्टरचंही तसंच: १.५ डिझेल ८५ पीएसचीही आली आणि ११० पीएसचीही. खराब रस्ता गिळण्यात दोघी सारख्याच, पण सहा गिअरची ११० हायवेला वेगळीच गाडी आहे. मात्र तिचा टर्बो उशिरा जागा होतो. २,००० आरपीएमच्या खाली ती सुस्त. फियाटकडून आलेलं १.३ डिझेल स्विफ्ट, डिझायर, सियाझ, पुंटो अशा अनेक गाड्यांत आहे. त्याचीही हीच खोड. गिअर खाली टाकायचा कंटाळा असणाऱ्याने ते घेऊ नये.

पेट्रोलमध्ये डोकेदुखी कमी हवी असेल तर २०१४ ते २०२० मधली होंडा सिटी १.५ मॅन्युअल. टर्बो नाही, ११९ पीएस, आणि इंजिन वर फिरवलं की खुलतं. तक्रार एकच, टायरचा आवाज आत येतो. बलेनो आरएस फार विकली गेली नाही म्हणून दुर्लक्षित राहते, पण तिचं १.० बूस्टरजेट १०२ पीएस देतं आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. फोर्डने २०२१ मध्ये भारतात विकायच्या गाड्यांचं उत्पादन बंद केलं, त्यामुळे फिगो आणि अ‍ॅस्पायर १.५ डिझेल (१०० पीएस) स्वस्तात मिळतात. चालवायला या वर्गात फार कमी गाड्या यांच्या तोडीच्या आहेत. घेण्याआधी बॉडी पार्ट आणि हेडलाइट किती दिवसांत मिळतात ते आपल्या मेकॅनिकला विचारा, कारण इंजिनाचे भाग मिळतात आणि बंपर अडतो.

नुसता आरामच हवा आणि बजेट फारच कमी असेल, तर आपल्या नाशिकच्याच महिंद्रा कारखान्यात बनलेली लोगन किंवा व्हेरिटो १.५ डिझेल. दिसायला खोका, पण सस्पेन्शन मऊ आणि मागची सीट ऐसपैस. मजा मात्र शोधू नका.

कमी रनिंगचा मोह

दहा वर्षांची डिझेल आणि मीटरवर ४२,०००. अशी गाडी दोनच प्रकारची असते: मीटर मागे घेतलेला, किंवा गावातल्या गावात क्लच दाबत फिरलेली. दोन्ही आपल्या कामाच्या नाहीत. नाशिक-मुंबई करून १,१०,००० झालेल्या, सर्व्हिसचा पूर्ण रेकॉर्ड असलेल्या गाडीचं इंजिन आणि क्लच बऱ्याचदा त्यापेक्षा चांगला असतो.

मीटर खरा का खोटा, हे पेडलवरून बघा. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर एका कडेने गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंगचं कातडं ‘दहा वाजून दहा’च्या जागी चकचकीत, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलेली, आणि मीटर म्हणतोय ४२,०००? उठा तिथून. रबर कोरं करकरीत असेल तर तेही बदललेलं असू शकतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नंबरवरून मागच्या नोंदींचे किलोमीटर निघतात. मालकाला सोबत घेऊन जा.

गरम इंजिनावर गाडी बघणं

तुम्ही पोचायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. बॉनेटवर हात ठेवा, गार लागलं पाहिजे. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेकंदात पकडलं पाहिजे. चेनचा खडखडाट पाच सेकंदांनंतरही राहिला तर सावध व्हा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळच्या गारठ्यात थोडा चालतो. गरम झाल्यावरही येत राहिला तर कूलंट किंवा इंजेक्टरची भानगड.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून वर नुसतं टेकवून ठेवा. हलकं थरथरलं तर ठीक, वाफेसारखा धूर धपधप बाहेर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. कूलंटच्या टाकीचं झाकण मात्र इंजिन गार असतानाच उघडायचं. आत तेलकट साय किंवा गंजाचं पाणी दिसलं, किंवा सुरू केल्यावर दोन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा टणक झाला, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या हेडखालच्या सीलचा) संशय धरा. गावात ही गाडी महिनोन्‌महिने चालते. उकळते ती कसारा घाटात, एसी चालू असताना.

डॅशबोर्डचे दिवेही बघा. चावी ‘ऑन’ केल्यावर एअरबॅग, एबीएस आणि चेक इंजिनचे दिवे लागले पाहिजेत. एअरबॅगचा काही सेकंदांत विझतो. लागलाच नाही तर तो कोणीतरी बंद केलाय. स्कॅनर लावायला सांगा, आणि नुसते एरर कोड नकोत, ‘रेडीनेस मॉनिटर’ही बघा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. बरेचसे अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलेली आहे.

टेस्ट ड्राइव्ह आखडती घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. मालकाला आधीच सांगा: पाथर्डी फाट्यावरून विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंद्यापर्यंत जाऊन परत यायचं आहे, पेट्रोल-डिझेल माझं. नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा. चारही टायरमध्ये दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून निघा, नाहीतर पुढचं सगळं निदान चुकतं.

सुरुवात उड्डाणपुलावर. पुलाच्या सांध्यांवरून साठच्या वेगाने जाताना एकच गंभीर ‘धप्प’ यावा आणि गाडी लगेच बसावी. दोन-तीनदा झुलली तर शॉकअप गेले. कोरडा ‘टक-टक’ आवाज आला तर बहुतेक वेळा लिंक रॉड, जो स्वस्त आहे. जड ‘धाड’ आला तर लोअर आर्मचे बुश किंवा स्ट्रटचं माउंटिंग. आवाज कुठून येतो ते कळायला म्युझिक आणि ब्लोअर बंद, मागच्या सीटवर एक माणूस बसलेला.

मोकळा सरळ रस्ता मिळाला की पकड किंचित सैल करा, हात स्टिअरिंगजवळच ठेवून. गाडी हळूहळू डावीकडे गेली तर घाबरू नका, पाणी वाहून जावं म्हणून रस्त्यालाच तसा उतार दिलेला असतो. झपकन ओढली, किंवा गाडी सरळ असताना स्टिअरिंग वाकडं दिसलं, तर अलाइनमेंट. अलाइनमेंट करूनही वाकडंच राहणारी गाडी ठोकलेली असू शकते, म्हणून रिपोर्टवरचा मागच्या चाकांचा आकडाही बघा.

ऐंशी ते शंभरमध्ये स्टिअरिंग थरथरलं आणि पुढे पुन्हा शांत झालं तर व्हील बॅलन्सिंग. काही शे रुपयांत मिटतं, रिम वाकलेली नसेल तर. थरथर फक्त ब्रेक मारल्यावर आली तर पुढच्या डिस्क. वेग वाढवताना अंगभर जाणवली आणि पाय काढताच गेली तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट किंवा इंजिनाचं फाउंडेशन बघा. विमानासारखी घरघर वेगाबरोबर वाढत असेल तर रिकाम्या रस्त्यावर हलकेच डावीकडे वळवून बघा. वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग. काहीच फरक पडला नाही तर थांबून टायरवरून तळवा फिरवा. रबर करवतीसारखं चढ-उतार लागलं तर आवाज टायरचा, आणि टायर तसं झिजलं म्हणजे शॉकअप किंवा अलाइनमेंटचं दुखणं जुनं आहे.

क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये पन्नासला येऊन अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा पळाला आणि गाडी मागे राहिली तर प्लेट संपली. वेळ असेल तर पेठ रस्त्याच्या सावळघाटात एसी लावून चढवा. कूलिंग, टर्बो आणि क्लच तिघांची एकदम परीक्षा होते. परत आल्यावर इंजिन बंद न करता पाच मिनिटं उभी ठेवा, रेडिएटरचा पंखा चालू-बंद होतो का बघा.

आणि सीट. अर्ध्या तासानंतर मांडीखाली रिकामं वाटतं का, क्लच दाबताना गुडघा वर येतो का, हे तुमच्या अंगाचं आहे. कुठल्याही रिव्ह्यूत सापडणार नाही.

टायरची जाडी बघून समाधान मानणं

नक्षी खोल आहे म्हणून टायर चांगला, असं नाही. टायरवर चार आकडी खूण असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात, पावसात पकड जाते. समृद्धीवर हे जास्त भोवतं. तिथे मोकळ्या भागात कारला १२० ची मर्यादा आहे, रस्ता काँक्रीटचा आहे आणि तासन्‌तास सिग्नल नाही. कमी हवेचा टायर वाकत राहून आतून तापतो आणि शेवटी फुटतो. हवा गार टायरमध्येच मोजायची. तापलेल्यात तीन-चार पीएसआय जास्त दिसतात म्हणून काढून टाकू नका. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे हवेत, आणि स्टेपनीचं सालही वाचा.

टायमिंग बेल्टचा हिशोब न धरणं

डस्टर, लोगन आणि व्हेरिटोचं १.५ डिझेल, फोर्डचं १.५ टीडीसीआय, फोक्सवॅगन-स्कोडाचं १.५ टीडीआय: या सगळ्यांना टायमिंग बेल्ट आहे. तो चालत्या गाडीत तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला धडकतात आणि हेड उतरवावं लागतं. बदलल्याचं बिल नसेल तर ‘बदललाय हो’ यावर जाऊ नका. घेतल्याबरोबर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला. १.३ डिझेलला चेन आहे, तिथे हा खर्च नाही, पण ऑइल वेळेवर न बदलणाऱ्याची चेनही खडखडते.

स्वस्त ऑटोमॅटिकच्या नादी लागणं

घट्ट बजेटमध्ये मजा हवी असेल तर मॅन्युअलच घ्या. पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) चालतो तेव्हा झकास, पण त्याचं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा कंट्रोल भाग, गेलं तर बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतं. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच आपोआप बदलणारी ऑटोमॅटिक) गावात सोयीची, पण घाटात ओव्हरटेक करताना नेमकी त्या क्षणी विचारात पडते. २०२० नंतरच्या पोलो १.० टीएसआयमधला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर त्यातल्या त्यात सुरक्षित.

१७ इंची अलॉय, खाली बसवलेल्या स्प्रिंग आणि रीमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली) गाडीही टाळाच. आधीच्या मालकाने ती कशी चालवली, याची ती कबुलीच आहे.

दिल्ली, दमण आणि पुराचं पाणी

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले, तेव्हापासून तिथल्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. एनओसी, महाराष्ट्राचा कर, पुन्हा नोंदणी आणि एजंटचे पैसे धरले की फरक फारसा उरत नाही. आरसीची १५ वर्षंही मूळ नोंदणीपासूनच मोजली जातात. गुजरात, दमण, सिल्व्हासा पासिंगचंही हेच गणित. विशेष चांगली गाडी नसेल तर एमएच १५ शोधणं सोपं.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाच्या भागात मातकट रेघ दिसते. कार्पेटखालचे कनेक्टर हिरवट आणि सीटच्या रुळांना गंज असेल तर खात्रीच. २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण, आणि आपल्याकडेही २०१६ व २०१९ ला गोदाकाठचा दुतोंड्या मारुती बुडवणारं पाणी सराफ बाजारापर्यंत आलं होतंच.

सगळे पैसे गाडीवरच संपवणं

बजेट पाच लाख असेल तर गाडी सव्वाचार लाखांपर्यंतचीच बघा. टायरचा संच, सस्पेन्शनचं काम, क्लच किंवा बेल्ट यांतलं एखाद-दुसरं काम पहिल्या वर्षात निघतंच, आणि प्रत्येकाचा खर्च ढोबळमानाने दहा ते पंचवीस हजारांत जातो. पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या, मग नोंदी तुमच्या हिशोबाने सुरू होतील.

कागदांत विक्रेत्याची सही फॉर्म २९ च्या दोन प्रतींवर आणि फॉर्म ३० वर, कर्ज असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. ई-चलन, पीयूसी, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पैसे देण्याआधी तपासा. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्याचा फरक भरावा लागतो. आणि काचेवरचा जुना फास्टॅग काढून स्वतःचा लावा, नाहीतर घोटीच्या नाक्यावर पैसे त्याच्या खात्यातून कापले जातील आणि फोन तुम्हाला येईल.