1853 सालचा झगा शिवायला घेण्याआधी

सगळ्यात आधी साल ठरवा. नुसता ‘जुन्या काळचा झगा’ शिवता येत नाही. 1810 चा झगा छातीखाली आवळून सरळ खाली पडतो, 1885 चा मागच्या बाजूला फुगतो, आणि दोन्हींच्या आत घालायचे कपडे वेगळे असतात. साल पक्कं झालं की कापड, रंग, बाही आणि परकर त्याच्यामागून येतात, दुकानात मन भरकटत नाही. मी ठाण्याची, म्हणून माझं साल 1853. त्या वर्षी 16 एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी 14 डबे आणि सुमारे 400 पाहुणे घेऊन ठाण्याला आली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिची तीन इंजिनं. त्या सालचा विलायती झगा आणि त्याच सालची आपल्याकडची खणाची, पुढे गाठ मारायची चोळी, दोन्ही मला शेजारी शेजारी शिवून बघायचे आहेत. इथे झग्याच्या तयारीचं लिहिते, कारण पसारा त्याचा मोठा.

साल ठरल्यावर चित्रं गोळा करा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2017 पासून आपल्या संग्रहातल्या लाखो वस्तूंचे फोटो सगळ्यांना वापरायला मोकळे केले आहेत, त्यात जुने झगेही आहेत. फोटो निवडताना पाठ आणि शिवणी दिसतील असे निवडा, पुढून सुंदर दिसणारा एकच फोटो शिवायला कामाचा नाही. 1853 च्या आसपास खांद्याची शिवण मागे सरकलेली आणि बाही दंडावर उतरलेली असते. बाही कोपराखाली घंटेसारखी उघडते आणि तिच्यातून वेगळी पांढरी बाही डोकावते, ती काढून धुता येते. घेर जमिनीपर्यंत. मात्र सांगाडा नाही, कारण पोलादी कड्यांच्या सांगाड्याचं पेटंट 1856 चं. त्याआधी तो घेर एकावर एक घातलेल्या परकरांवर उभा राहायचा. भडक जांभळ्या रंगाचा मोहही आवरा: पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचा कृत्रिम जांभळा रंगही 1856 चाच. नीळ आणि मंजिष्ठेच्या छटा घ्या.

मग घरात बसून कामं वाटा. मशीनवर कोणाचा हात बसलाय, हातशिलाई कोणाची बारीक आहे, पट्टी-पेन्सिल कोणाला आवडते, हे मनाशी धरून वाटा. आमच्याकडे लांब शिवणी आई मारते, आजीकडे दिसणारा प्रत्येक टाका, आणि कागदावरचं छोटं रेखाटन मोजून पूर्ण मापात मोठं करणं बाबांकडे. सिंगरचं मशीन 1851 चं, त्यामुळे 1853 चा झगा बहुतेक हातानेच शिवलेला असायचा. तरी आतल्या लांब शिवणी मशीनवर मारायला माझी हरकत नाही, बाहेर दिसणारं मात्र हातानेच व्हावं. गणपती-दिवाळीच्या आधीचा महिना हिशोबातून वगळा, तेव्हा घरात कोणालाच सवड नसते.

मापं अजून घेऊ नका. हा मुद्दा मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण सगळं काम यावर उभं आहे: कपडे आतून बाहेर शिवत यायचं. आधी सैल सुती शमीज, मग कॉर्सेट (आत ताठ पट्ट्या घातलेला, पाठीमागे नाड्यांनी आवळायचा धडाचा आतला कपडा), आणि कॉर्सेट घालून झाल्यावर दुसऱ्या कोणाकडून झग्याची मापं. कॉर्सेट बेताने आवळलेला असावा, बसून जेवता आलं पाहिजे. त्याचं मोठं काम म्हणजे परकरांचं ओझं कमरेच्या एका रेषेवर न पडू देता सगळ्या धडावर वाटणं. तेव्हा त्यात देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या घालत. आपल्याला त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातले रुंद केबल टाय चालतात. बाबा ते मापाने कापतात आणि टोकं कानशीने घासून गोल करतात. हे टाळायचं नाही, कारण टोकदार पट्टी दोन पदरांतून बाहेर येते आणि थेट बरगडीत रुतते.

आता बाजार. मांजरपाट आधी आणा, जांभळी नाक्याला मिळतं. त्यातच झग्याचा वरचा भाग एकदा कच्चा शिवून, अंगावर घालून, खडूने दुरुस्त करायचा. त्यानंतरच मुख्य कापडाला मुंबईला जायचं: मंगलदास मार्केट, आणि लेस-फितींसाठी भुलेश्वर. आपल्या हवेत शुद्ध सुतीच घ्या. दुकानदार शपथेवर सुती म्हणाला तरी नमुन्याच्या कातरणीतला, म्हणजे छोट्या तुकड्यातला, एक धागा घरी जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटांत विरते, पॉलिएस्टर आकसून कडक मणी होतो. म्हणून पहिल्या फेरीत फक्त कातरणी आणाव्यात. किती घ्यायचं? 44 इंच पन्ह्याचे चार तुकडे जोडले की साडेचार मीटरच्या जवळपास घेर होतो. त्याला साधारण तेवढंच कापड, वरचा भाग आणि बाह्या मिळून आणखी तीनेक मीटर. झालरी हव्या असतील तर त्या वेगळ्या. कापड घरी आलं की कात्री लावण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. पावसाळ्यात टाचण्या कापडात रात्रभर ठेवू नका, ठाण्याच्या दमट हवेत गंज चढतो आणि तो डाग निघत नाही.

परकरांना नवीन कापड लागत नाही. आजीच्या जुन्या सुती साड्या त्यासाठी उत्तम, फक्त विचारून घ्या. एका परकराच्या खालच्या भागात आडव्या नळ्या शिवून त्यांत सुती दोरी ओवा. अशा दोरीच्या परकरांची तेव्हा रीतच होती. बाकीच्यांना भाताच्या पेजेची खळ द्यायची. खळ गाळून घ्यावी, नाहीतर शितं चिकटतात, आणि परकर थोडा ओलसर असतानाच इस्त्री फिरवावी. “कडकडीत वाळला की मग इस्त्रीचा काही उपयोग नाही गं,” असं आजी म्हणते, आणि परकर उभा राहतो तेव्हा तिचं म्हणणं पटतं.

सगळ्यात जास्त वेळ कमरेच्या चुण्यांना ठेवा. 176 इंच कापड 28 इंचांच्या कमरेत बसवायचं आहे आणि मशीनच्या चुण्या तिथे गोळा होऊन बसतात. घेराची वरची कड दोन इंच आत दुमडा. पट्टीने ठिपके काढा आणि त्या ठिपक्यांवर जाड दोऱ्याचे तीन समांतर धावदोरे घाला, टाके बरोबर एकाखाली एक यायला हवेत. तिन्ही दोरे एकदम ओढले की कापड उभ्या, सारख्या नळ्यांत मिटतं. मग प्रत्येक नळीचं टोक कमरपट्टीला दोन घट्ट टाक्यांनी जोडायचं. आमच्याकडे बाबा ठिपके काढतात, मी दोरे ओढते, आजी जोडते, आणि टीव्ही बंद असतो. चुण्या नीट बसल्या की घेर कमरेपासून ताठ बाहेर झेपावतो. शिवणकामातला मला सगळ्यात आवडणारा क्षण हाच.

खालच्या कडेला आतून रुंद पट्टी लावा, अगदी साडीला फॉल लावतो तशी. ती झिजली की बदलता येते, झगा वाचतो. पुढचं बंद करायला हूक. चेन नको, ती त्या काळात नव्हती.

घालायच्या दिवशी बूट कॉर्सेटच्या आधी घाला, नंतर वाकता येत नाही. एवढा घेर रिक्षात मावत नाही, म्हणून कपडे चादरीत बांधून न्या आणि तलावपाळीजवळच्या एखाद्या ओळखीच्या घरी तयार व्हा. सोबत कोणीतरी हवंच, नाड्या पाठीमागे असतात. फोटो सकाळी सातच्या आत काढा, तेव्हा ऊन कोवळं असतं आणि तिथल्या मासुंदा तलावाच्या काठी गर्दी कमी असते. सुई-दोरा, जादा हूक, पाणी आणि पंचा पिशवीत असू द्या.

घरी आल्यावर झगा लगेच कपाटात नको. उलटा करून सावलीत पंख्याखाली वाळवा, परकरांतली खळ धुऊन काढा, कारण खळीच्या वासाने झुरळं येतात. प्लास्टिकऐवजी जुन्या धोतरात गुंडाळा. आत उरलेल्या कापडाचे तुकडे, त्याच दोऱ्याचं रीळ आणि मापांचा कागद ठेवा, कागदावर तारीख घालून.