बीम नसतो तेव्हाची पीएच.डी.

धातू उत्प्रेरकांवर फेम्टोसेकंद (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) क्ष-किरणांनी संशोधन करायचं म्हणणाऱ्यांचं पहिलं कुतूहल यंत्राबद्दल असतं, आणि ते साहजिक आहे. जर्मनीतलं युरोपियन एक्सफेल हे अतिलघु क्ष-किरण पल्सेस देणारं यंत्र (फ्री इलेक्ट्रॉन लेसर) ३.४ किलोमीटर लांब आहे आणि सेकंदाला २७,००० पल्सेसपर्यंत देऊ शकतं. त्याच प्रकारचं अमेरिकेतलं एलसीएलएस २००९ साली सुरू झालं, जपानचं साक्ला त्यानंतर. पण विद्यार्थ्याच्या वाट्याला ही यंत्रं वर्षातून मोजके दिवस येतात (याला बीमटाइम म्हणतात), तेही वेळ मागणारा प्रस्ताव मंजूर झाला तर. प्रबंध उभा राहतो तो उरलेल्या वर्षावर. त्या उरलेल्या वर्षाबद्दल फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी मूळ गोष्ट. लेसरची एक पल्स रेणूला धक्का देते, ती पंप. ठरावीक उशिराने क्ष-किरणांची पल्स येऊन रेणूची अवस्था टिपते, ती प्रोब. हा उशीर बदलत गेलं की बदलाचा क्रम हाती येतो. सिंक्रोट्रॉनची (वर्तुळाकार क्ष-किरण स्रोताची) पल्स साधारण शंभर पिकोसेकंदांची असते; एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद. बंध तुटणं, इलेक्ट्रॉन धातूवरून लिगँडवर (धातूला जोडलेल्या रेणूवर) जाणं, स्पिन बदलणं हे सगळं त्याच्या कितीतरी आधी उरकलेलं असतं. म्हणून फ्री इलेक्ट्रॉन लेसर लागतो. क्ष-किरणांचं वैशिष्ट्य म्हणजे ते एकाच मूलद्रव्याकडे बघतात. लोहाची के-एज (जिथे त्याचं क्ष-किरण शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा) ७११२ इलेक्ट्रॉनव्होल्टवर, तांब्याची ८९७९ वर. आजूबाजूला कितीही द्रावक असला तरी त्या ऊर्जेला सिग्नल बदलतो तो त्या धातूमुळेच.

सुरुवातीला वाचायचं काय? माझ्या मते एकच रेणू धरून बसा: लोहाचं ट्रिस-बायपिरिडिन संयुग. तो उत्प्रेरक नाही, पण या क्षेत्राची सगळी बाराखडी त्यात आहे. प्रकाश पडल्यावर २०० फेम्टोसेकंदांच्या आत तो लो-स्पिनमधून (लोहाचे इलेक्ट्रॉन जोडीने) हाय-स्पिनमध्ये (काही इलेक्ट्रॉन सुटे) जातो, लोह-नायट्रोजन बंध सुमारे ०.२ अँगस्ट्रॉमने लांबतात, आणि पाण्यात सुमारे ६५० पिकोसेकंदांत तो मूळ अवस्थेत परततो. शोषण वर्णपटात बंधांची लांबी कशी दिसते, के-बीटा उत्सर्जनात (धातूने परत सोडलेल्या क्ष-किरणांत) स्पिन कसा दिसतो, हे यावरून समजलं की पुढचे शोधनिबंध वाचताना दम लागत नाही. मग ऱ्होडियमवरचं २०२३ सालचं काम बघा. प्रकाशाने एक कार्बन मोनॉक्साइड सुटतो, रिकाम्या जागी ऑक्टेनचा रेणू येऊन बसतो आणि त्याचा कार्बन-हायड्रोजन बंध तुटतो. तिथे मात्र खरं उत्प्रेरकाचं रसायनशास्त्र दिसतं.

एक खोच इथेच सांगतो. कारखान्यातला उत्प्रेरक लेसरची वाट बघत बसत नाही, तो उष्णतेवर चालतो. आपण मात्र जे प्रकाशाने सुरू होतं तेच फेम्टोसेकंदांत मोजू शकतो, कारण असंख्य रेणूंना एकाच क्षणी सुरुवात करून देणारं दुसरं सोयीचं साधन नाही. त्यामुळे विषय निवडताना ‘हा टप्पा प्रकाशाने सुरू करता येतो का, आणि तसा सुरू केला तर तो खऱ्या चक्रातलाच राहतो का’ हे विचारायला लाजू नका. मुलाखतीत हा प्रश्न विचारणारा उमेदवार लक्षात राहतो.

आता उरलेलं वर्ष. त्याचा सर्वांत मोठा तुकडा सॅम्पल खातं. संश्लेषण करणारा सहकारी अभिमानाने काही मिलिग्रॅम पावडर देतो, आणि द्रव झोतासाठी लागते ती ग्रॅमच्या हिशोबात. प्रत्येक पल्सला ताजं द्रावण मिळावं म्हणून ते बारीक धारेने वाहत ठेवावं लागतं. ते पुन्हा फिरवलं तर लेसरखाली ते खराब झालं का, हे अधूनमधून यूव्ही-व्हिजिबल वर्णपटाने तपासायचं. हवेने बिघडणारं संयुग असेल तर वेगळीच कसरत. म्हणून बीमटाइम मिळण्याआधी तीच धार, तेच द्रावण आणि तीच लेसर तरंगलांबी घरच्या, म्हणजे आपल्या संस्थेतल्या, प्रयोगशाळेत ऑप्टिकल ट्रान्झियंट ॲब्सॉर्प्शनवर (पंप-प्रोबच, पण प्रोब साध्या प्रकाशाचा) मोजून ठेवा. कुठला टप्पा कधी येतो याचा अंदाज तिथेच येतो; बीमवर जाऊन तो शोधायला वेळ नसतो.

लेसरची तीव्रता हा दुसरा सापळा. सिग्नल मोठा हवा म्हणून ती वाढवण्याचा मोह होतो, कारण लेसर चालू आणि बंद यांच्या वर्णपटांतला फरक बरेचदा एका टक्क्याच्याही खाली असतो. पण एका रेणूने दोन फोटॉन गिळले की तुम्ही भलतंच रसायनशास्त्र मोजता. तीव्रता पायरीपायरीने बदलून सिग्नल सरळ रेषेत वाढतो का ते बघायचं, आणि रेष वाकायला लागण्याच्या आधी थांबायचं. हे करायला वेळ जातो म्हणून कुरकुर होते. होऊ द्या.

वेळेचा हिशोबही अंगात मुरायला हवा. एका फेम्टोसेकंदात प्रकाश ०.३ मायक्रोमीटर जातो, म्हणजे डिले स्टेजवरचा (उशीर बदलणाऱ्या सरकत्या मंचावरचा) आरसा १५ मायक्रोमीटर सरकवला तर जाऊन-येऊन १०० फेम्टोसेकंदांचा फरक. शिवाय क्ष-किरण पाण्यातून जवळजवळ निर्वातातल्याच वेगाने जातात, लेसरचा प्रकाश मात्र रेंगाळतो. १०० मायक्रोमीटर जाडीच्या धारेत एवढ्यानेच शंभरेक फेम्टोसेकंदांचा धूसरपणा येतो. धार पातळ केली तर सिग्नल कमी. ही देवाणघेवाण आधी कागदावर करून जा.

प्रत्यक्ष बीमटाइमवर नवख्या विद्यार्थ्याला बहुधा लॉगबुक मिळतं. ते दुय्यम काम समजू नका. रनचा (एका सलग मोजणीचा) क्रमांक, फिल्टर, धारेचा प्रवाह, कुणी काय हलवलं आणि कधी: सहा महिन्यांनी विश्लेषण करताना फक्त हेच शिल्लक असतं. क्ष-किरणांची पल्स लेसरच्या तुलनेत दर वेळी थोडी पुढेमागे येते, तिची तीव्रताही बदलते, म्हणून प्रत्येक शॉटची वेळ वेगळी मोजून विदा (डेटा) नव्याने लावावी लागते. पायथन त्यासाठी आलंच पाहिजे. वर्णपटांची गणितं कुणा सैद्धांतिक गटाकडून येणार असतील तर त्यांच्याशी बीमटाइमआधीच बोला; नंतर त्यांच्या रांगेत तुमचा नंबर शेवटचा असतो.

लेखकांच्या यादीत वीस-पंचवीस नावं असणं इथे नेहमीचं आहे. कुठल्या विदेचं विश्लेषण कोण करणार आणि पहिलं नाव कुणाचं, हे प्रस्ताव लिहितानाच ठरवून लेखी ठेवलेलं बरं. नंतर हा विषय काढणं अवघड जातं, विशेषतः निकाल चांगला आला तर.

गट निवडताना गाइडना तीन गोष्टी विचारा. घरचा लेसर किती दिवस चालू असतो? पुढचा प्रस्ताव नामंजूर झाला तर माझा प्रबंध कशावर होईल? आणि आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचायला मिळतील का? मिळाले तर निष्कर्षांचं प्रकरण तूर्त बाजूला ठेवा आणि परिशिष्टं वाचा. सॅम्पल कसं बनवलं, विदा कशी गाळली, कुठले रन टाकून दिले आणि का, हे तिथेच लिहिलेलं असतं.