गोळ्या का चुकतात? एआरटी केंद्रात नव्याने येणाऱ्या समुपदेशकांसाठी

एमएसडब्ल्यू झाल्यावर मी सांगली जिल्ह्यातल्या एका एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, समुपदेशक म्हणून लागले. नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: पुरुष पेशंटला आल्या आल्या ‘गोळ्या का चुकवल्या?’ असं विचारू नका. ‘विसरलो’ म्हणतो आणि बोलणं तुटतं. काम आहे का, झोप लागते का, घरात कुणाला माहीत आहे, इथून सुरुवात करा.

खानापूर-आटपाडीकडची गलाईची (सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातली) माणसं परमुलखात दुकानातच राहतात. चारचौघांत डबी उघडली की ‘कसली रे गोळी?’ हे आलंच. म्हणून डबी पिशवीच्या तळाशी जाते. मनात धास्ती, त्यामुळे झोप नाही. झोपेसाठी दारू, दारूपायी खाडे, मग गावी पैसे पाठवता येत नाहीत आणि फोनवर भांडण. यातलं एकच धरून उपदेश केला तर काही हलत नाही.

मेरिल सिंगर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने अशा एकमेकींना बळ देणाऱ्या अडचणींना ‘सिंडेमिक’ म्हटलं. २००३ मध्ये रॉन स्टॉल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चार महानगरांतल्या समलैंगिक पुरुषांबद्दल दाखवलं, की नैराश्य, नशा, जोडीदाराची मारहाण, बालपणीचे अत्याचार यांतल्या जितक्या जास्त गोष्टी एका माणसाच्या वाट्याला, तितकं एचआयव्हीचं प्रमाण जास्त. लागण झालेल्यांचे उपचारही याच ओझ्याखाली ढिले पडतात.

दारूचं मात्र नीट ऐका. ‘मॅडम, प्यायलो की गोळी घेत नाही, बाधेल’ असं कितीतरी जण प्रामाणिकपणे सांगतात. त्यांना स्पष्ट सांगा, प्यायलात तरी त्या दिवशीची टीएलडी, म्हणजे एचआयव्हीची रोजची गोळी, घ्यायचीच. दारू कमी करण्याचं बोलणं वेगळं, तेही करायचं. पण गोळी त्याच्यावर अडवायची नाही.

व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्ही विषाणूचं प्रमाण) १००० च्या वर आला की साधारण तीन महिने जादा समुपदेशन करून पुन्हा तपासणी होते. हे तीन महिने वाया घालवू नका. उदास वाटत असेल तर मानसोपचार विभागात चिठ्ठी देऊन थांबू नका, शक्य असेल तर सोबत जा. जीव नकोसा झालाय का, हेही सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसलं काही भरत नाही. बाहेरगावी राहणारा असेल आणि तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का, ते डॉक्टरांशी बोलून बघा.

भाऊ किंवा मालक ‘काय झालंय त्याला?’ विचारत आला, तर पेशंटच्या संमतीशिवाय एक शब्दही नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा वाचून ठेवा. कामावरून काढलेल्या माणसाला त्यातलं कलम दाखवता आलं पाहिजे.