फाइलमधले आकडे कोडच्या एका ओळीत अ‍ॅरेत घ्या

सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यातून आलेली आकड्यांची टेक्स्ट फाइल बघा, कुठे स्पेस, कुठे टॅब, मधेच रिकामी ओळ, आणि लूप लावून एकेका ओळीचा आकडा करायला गेलं की तिथंच एरर. पायथॉनमध्ये असं करा:

१. ओपन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग (utf-8-sig) द्या, नाहीतर नोटपॅडच्या काही फाइलींत पहिल्या आकड्याला न दिसणारं चिन्ह चिकटलेलं असतं.
२. रीडने अख्खी फाइल वाचा, पुढे मजकुराचे तुकडे करणारं स्प्लिट, त्याचा कंस रिकामाच ठेवायचा, मग स्पेस, टॅब, रिकाम्या ओळी सगळं तोच गाळतो.
३. मॅपने प्रत्येक तुकड्याला इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावून लिस्ट, म्हणजे पायथॉनचा साधा अ‍ॅरे, करा, दशांश असतील तर फ्लोट.

मुनीमजींनी ४५० असं देवनागरीत टाइप केलं असलं तरी इंट ते बरोबर वाचतो, हे खरंच भारी आहे. फक्त १,२५० मधला स्वल्पविराम आधी रिप्लेसने काढून टाका, त्यावर इंट अडतोच.