व्हॅल्प्रोएटवरून लॅमोट्रिजिनवर जाताना: कोणता त्रास कोणत्या गोळीचा?

फिटची गोळी बदलताना सहसा जुनी आज बंद, नवी उद्या सुरू असं करत नाहीत. काही आठवडे दोन्ही पोटात असतात. त्या काळातला त्रास नव्या गोळीचा, जुनी कमी केल्याचा, की दोन्ही एकत्र आल्याचा, हे तारखांवरून बरंच कळतं. तारखा लिहून ठेवा. डॉक्टरांसमोर बसल्यावर त्या हमखास आठवत नाहीत.

मूल होऊ देण्याचा विचार असेल तर व्हॅल्प्रोएट बदलून लॅमोट्रिजिन अनेकदा दिलं जातं, कारण व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात व्यंगाचा धोका वाढतो. पण हीच जोडी जपून हाताळावी लागते. शरीर लॅमोट्रिजिनचा निचरा ज्या मार्गाने करतं तोच व्हॅल्प्रोएट अडवतं, त्यामुळे तेवढ्याच डोसला रक्तातलं प्रमाण साधारण दुप्पट होतं. म्हणून मोठ्या माणसांत नेहमीची सुरुवात २५ मिलिग्रॅम दिवसाआड, दोन आठवडे. मग रोज २५, आणखी दोन आठवडे. पुढे दर एक-दोन आठवड्यांनी २५ ते ५० ची वाढ. व्हॅल्प्रोएट चालू नसेल तर आकडे वेगळे, लहान मुलांत वजनावर; दुसऱ्याची चिठ्ठी आपल्याला लावू नका. गडबड होते ती 'दिवसाआड'मध्ये. कॅलेंडरवर गोळीच्या तारखांना गोल करा, घेतली की काट मारा.

घाई केली की धोका अंगावरच्या पुरळाचा. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत तो जास्त असतो. पुरळ दिसलं की फोटो काढा आणि पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. सोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, गळ्याच्या गाठी सुजणं किंवा कातडी दुखून सोलवटणं असेल तर लॅमोट्रिजिन न घेता थेट कॅज्युअल्टी गाठा. व्हॅल्प्रोएट मात्र आपल्या मनाने थांबवू नका, फिट रोखून धरणारी गोळी त्या वेळी तीच असते. या दोन महिन्यांत नवा साबण, हेअर डाय वगैरे नकोच. पुरळ आलं तर संशय कुणावर घ्यायचा?

बाकीचे त्रास सौम्य असतात, पण त्यांची वेळ बोलकी असते. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत एकाचे दोन दिसणं, तोल जाणं: लॅमोट्रिजिन जास्त होतंय. कप धरताना हात थरथरणं: व्हॅल्प्रोएटचा जुना गुण, दोन्ही असताना वाढतो. झोप उडाली असेल तर डोसची वेळ अलीकडे घेता येईल का, ते विचारा.

खरी फसगत पुढे होते. व्हॅल्प्रोएट कमी होऊ लागलं की निचऱ्याचा मार्ग मोकळा होतो आणि लॅमोट्रिजिनचं प्रमाण उतरतं. डोस तोच, तरी फिट येते आणि घरचे म्हणतात, 'नवी गोळी लागू पडली नाही.' बहुतेक वेळा ती कमी पडलेली असते; व्हॅल्प्रोएट पूर्ण बंद झाल्यावर डोस अनेकदा दुप्पट करावा लागतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही हे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणतात, तेव्हा त्या सुरू किंवा बंद करताना न्यूरॉलॉजिस्टला आधी सांगा.

लॅमोट्रिजिनमध्ये पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर एकदम परतू नका. बहुधा पुन्हा २५ पासूनच चढावं लागतं.

बदल पूर्ण होईपर्यंत गाडी, विहीर, शिडी टाळा. फिट पाच मिनिटांहून लांबली किंवा शुद्ध न येता दुसरी आली तर १०८ ला फोन करा. कांदा नि चप्पल हुंगवत बसू नका. पेशंटला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.

दुकानदार 'हीच आहे, फक्त कंपनी वेगळी' म्हणाला तर स्ट्रिपवरचं औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम आणि व्हॅल्प्रोएट साधं की हळू विरघळणारं, हे तिन्ही जुन्या स्ट्रिपशी ताडून पाहा. बदल चालू असताना कंपनी बदलायची असेल तरी आधी डॉक्टरांना विचारा.