बॅग नंतर भरा, आधी कार्ड चालू करा

युरोपात परिषदेला जाताना काय न्यायचं, असं विचारता म्हणून सांगते. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, परिषदेत लावायचं पोस्टर यांवर मी शब्द घालवत नाही. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा लागतो, तेवढं बघून घ्या. आणि बँकेच्या कार्डाचे परदेशातले व्यवहार सुरू करा. आज. बॅगेला हात लावायच्या आधी.

गेल्या सप्टेंबरात रत्नागिरीहून पोर्तुगालच्या आव्हेरूला गेले होते, खाड्यांविषयीच्या परिषदेला, एकटीच. लिस्बन विमानतळावरून मेट्रोने तिसरं स्टेशन ओरिएंते, तिथून आव्हेरूची गाडी. तिकिटाच्या मशीनने माझं कार्ड तीनदा परत फेकलं. खात्यात पैसे होते हो! पण 2020 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की नवीन कार्ड फक्त देशात चालतं, बाहेरचं आपण स्वतः सुरू करायचं. ॲप उघडलं, तर ओटीपी हवा. ज्या नंबरवर ओटीपी येणार, ते सिम कुठे? रत्नागिरीत, आईच्या शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनच्या डबीत. मुंबईत प्रवासाचं सिम घेतलं तेव्हा मीच ते काढून भावाबरोबर घरी पाठवलेलं, हरवू नये म्हणून. तिकडे संध्याकाळचे साडेसात, इकडे मध्यरात्र. आई गाढ झोपेत. रोख युरो आणलेच नव्हते, कार्ड आहे की!

तेव्हा: कार्ड सुरू करा, जुनं सिम फोनमध्येच ठेवा, त्यावर एसएमएस येण्यापुरतं रोमिंग घ्या आणि शंभरेक युरो रोख वेगळ्या कप्प्यात ठेवा. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. कार्ड सुरू केलंत ना?

तिकीट काढून दिलं मागे रांगेत उभ्या असलेल्या एका आजींनी. त्या आव्हेरूच्या पुढे पोर्तोला निघाल्या होत्या, म्हणजे गाडी एकच. त्यांना इंग्रजी येईना, मला पोर्तुगीज. मी आपलं बटाटा, चावी, पाव, अननस म्हणत गेले आणि त्या दर शब्दाला मांडीवर थाप मारून हसत होत्या. हे सगळे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडूनच आलेले. रेवदंड्याजवळ कोर्लईत पोर्तुगीजमधून तयार झालेली बोली आजही घरात बोलतात, हे नकाशा दाखवून सांगितलं, पण त्यांना पटलं नसावं. पिशवीतून काजूची पुडी काढली, तर "काजू!" हे त्याच आधी म्हणाल्या.

म्हणून काजूच्या छोट्या पुड्या न्या, चार-पाच तरी. आंबापोळीही चालवून घेतात लोक. हापूस मात्र नको. रोपस्वच्छता प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे फळाला कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय, युरोपात आंबा नेता येत नाही, आणि 2014 मध्ये फळमाशीमुळे आपल्या आंब्यावर तिथे बंदीच आली होती. दुधाचे पदार्थ नकोत. सुकं खोबरं सामानात टाकू नका, विमानतळावर काढून घेतात. सुक्या मासळीला नियमाने आडकाठी नाही, पण शेजारच्याचा विचार करा.

वही-पेन वर ठेवा. आजींचं नाव-पत्ता घ्यायचा राहिला आणि त्यांचे पैसे माझ्याकडेच राहिले. बोला सगळ्यांशी, उतरायचं हॉटेल मात्र कुणाला सांगू नका.

मुंबईला एक दिवस आधी पोहोचा. कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश, त्यात दरड आली तर संपलंच. गणपती संपताना निघणार असाल तर चाकरमान्यांच्या आधी आरक्षण करा, नाहीतर उभ्याने जा.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत. दोन पिनांचा चार्जर तिथे बसतो, लॅपटॉपचा तीन जाड पिनांचा बसत नाही. छत्री, गोळ्या, मोजे वगैरे तुमचं तुम्ही बघा.

ॲप उघडलंत का अजून?