बासेंजीला लूअर कोर्सिंगची सवय लावताना

लूअर कोर्सिंग म्हणजे मोटरने ओढल्या जाणाऱ्या आमिषामागे कुत्र्याने धावण्याचा खेळ. अमेरिकन केनेल क्लबच्या या खेळाच्या स्पर्धांत उतरण्यासाठी बासेंजी जातीचा कुत्रा किमान 12 महिन्यांचा असावा लागतो. तोपर्यंत त्याला वेगात तीव्र वळणे घ्यायला लावू नये, कारण वाढत्या हाडांवर आणि सांध्यांवर ताण येतो. पिल्लाची केवळ ओढ जागवायची असेल, तर काठीला दोरी आणि दोरीला पांढरी प्लास्टिकची पिशवी बांधून ती अंगणात मिनिटभर सरपटत फिरवावी व त्याचा उत्साह शिगेला असतानाच खेळ थांबवावा, म्हणजे पुढच्या वेळी पिशवीचा आवाज येताच ते कान टवकारील.

मैदानात हीच पिशवी मोटरने ओढलेल्या दोरीवरून, कप्प्यांना (पुलींना) वळसे घालत पळते. ही दोरी पायाला घासल्यास कातडी भाजल्यासारखी सोलवटते, म्हणून मालकाने ती कधीही हातात धरू नये आणि धावेनंतर कुत्र्याचे पंजे बोटाबोटांतून तपासावेत. क्लबच्या ज्युनिअर कोर्सर या प्राथमिक चाचणीत कुत्रा किमान 600 यार्ड, म्हणजे साधारण 550 मीटर, एकटाच धावतो. नवख्यासाठी हीच सुरुवात मला योग्य वाटते, कारण सोबतीला दुसरा कुत्रा असला की काही बासेंजी आमिष सोडून त्याच्याच मागे लागतात. धावण्यापूर्वी काही तास पोटभर जेवण देऊ नये.